ताट उचलून आत जाणारा माणूस

दादा, तुमच्या मातीला गडबहून काशिनाथनाना आले होते. एकटे नव्हे, दोन्ही सुना, नातवंडं, शेजारची माणसं, सगळी टेम्पोत बसून. शवपेटी उचलायची वेळ झाली तेव्हा पाळकसाहेबांनी पुढच्या खांद्यासाठी इकडेतिकडे पाहिलं. नानांनी कुणाला काही विचारलं नाही. डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली आणि आपल्या धाकट्या भावाला खांदा दिला. आपली गीतं त्यांना येत नाहीत. सगळे गात होते आणि ते खाली रस्त्याकडे बघत चालत होते. तुमच्यासारखेच, डावा पाय जरा जोरात टाकत.

रूथवहिनी मला हळूच म्हणाल्या, "हे त्यांना बघायला मिळायला हवं होतं." मी मान हलवली.

पण दादा, मला तुम्हाला सांगायचं आहे ते दुसरंच. तुमच्यावर मूठभर माती टाकताना माझ्या मनात काय आलं, ते. दुःख झालंच, ते वेगळं सांगायला नको. पण त्या दुःखाच्या आधी, माती हातातून सुटता सुटता, मनात आलं की आता मला विचारणारं कुणी उरलं नाही. आणि मला बरं वाटलं. शिफ्ट संपल्यावर कंपनीचे जड बूट काढले की पायांना वाटतं तसं. क्षणभरच वाटलं, पण वाटलं.

पाळकसाहेबांनी मला सांगितलंय, "अविनाश, तू त्यांचा जोडीदार. स्मरणसभेत वाचायला दोन पानं लिही." त्यांना वाटतं, मी तुमच्या एस.टी.तल्या नोकरीबद्दल लिहीन, तुम्ही पेण–रोहा गाडी चालवताना म्हाताऱ्या बायकांसाठी स्टॉप नसतानाही कसे थांबायचात त्याबद्दल. ते बाकीचे सांगतीलच. मी त्या मुठीपासून सुरुवात करतो आहे.

आज इथे नाना आणि गडबची माणसंही बसली असतील, म्हणून जोडीदार म्हणजे काय ते सांगायला हवं. आपली मंडळी लहान, पेणपासून रोह्यापर्यंत विखुरलेली. महिन्यातून एका रविवारी प्रभुभोजन होतं आणि त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, जोडीचं जेवण. आपल्या जुन्या पाळकांनी ही रीत घालून दिली. पुरुषांच्या जोड्या लावायच्या, एका महिन्यात याच्या घरी, पुढच्या महिन्यात त्याच्या घरी. जेवायचं आणि एकमेकांना विचारायचं की उद्या प्रभूच्या मेजापाशी यायला तू मोकळा आहेस का, काही लपवून तर ठेवलं नाहीस.

आपण दोघं ते कसं करायचो, आठवतं? हात धुता धुता. तुम्ही विचारायचात, "काय रं, मोकळा?" मी म्हणायचो, "मोकळा, दादा. तुम्ही?" "मोकळा." मग टॉवेल, मग बडीशेप, मग तुमचा गिअरबॉक्स आणि माझ्या कंपनीतलं राजकारण. वर्षानुवर्षं असंच. तुमच्या पोटात एक गोष्ट होती, माझ्या पोटात एक होती, आणि दोघांनाही हे पटकन उरकणं बरं पडत होतं. जोडी लावली होती एकमेकांना जागं ठेवायला. आपण एकमेकांना थोपटून झोपवत होतो.

मी तेव्हा रोह्याच्या कंपनीत शिफ्टला जायचो, रविवारी उपासनेत हार्मोनियम वाजवायचो, आणि घरी बायकोला मारायचो. हे वाक्य मी बरेचदा बदलून पाहिलं. "हात उचलला जायचा" असं लिहिलं तेव्हा तुमचाच आवाज ऐकू आला, "आपोआप उचलला जायचा व्हय रं? हात हाय का लिफ्ट?" म्हणून जसं होतं तसं ठेवलं.

तो शनिवार गणपतीच्या आधीचा होता, पाळी पेणला माझ्या घरची. हमरापूरहून मूर्तींचे टेम्पो निघाले होते, रस्ता तुंबलेला, आणि तुम्ही उशिरा आलात. घामेजलेले, वैतागलेले. "गणपतीबाप्पा मुंबईला चाललेत आणि माझं जेवण निवतंय," म्हणालात. माझ्या बायकोने, शालिनीने, आत ताटं वाढली आणि मी ती बाहेर आणली. वालाचं बिरडं, भात, लोणचं. तुम्ही ताटाकडे पाहिलंत.

"आज भाकरी नाय?"

"पीठ संपलं, दादा," मी म्हणालो.

शालिनीच्या तांदळाच्या भाकरीसाठी तुम्ही रोह्याहून येता असं तुम्ही स्वतःच सांगायचात. त्या दिवशी भातच कालवलात. जेवलात, आणि जेवण झाल्यावर ताट उचललंत. आपल्याकडे पाहुण्याला कुणी ताट उचलू देत नाही. मी म्हणालो, "दादा, राहू द्या, राहू द्या." तुम्ही म्हणालात, "ड्रायव्हर माणूस मी. आपली गाडी आपण धुवायची सवय हाय." आणि सरळ आत गेलात.

मी बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. नळाचा आवाज आला. मग तुमचा.

"गो शालिनी, हाताला काय झालं?"

"मोरीत पाय घसरला, दादा."

"मोरीत पडलं की मनगटावर बोटं उमटत नाय, पोरी."

मग बराच वेळ मला काही ऐकू आलं नाही. त्या वेळात मी काय करत होतो, ते सांगतो. मी काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो. बायकोच्या मनगटाचा विचार माझ्या मनात नव्हता. उद्या हार्मोनियमवर कोण बसेल, याचा होता.

तुम्ही बाहेर आलात आणि माझ्यासमोर उभे राहिलात. मला वाटलं होतं तुम्ही ओरडाल. तुम्ही एवढंच म्हणालात, "पीठ हाय डब्यात."

मग सांगितलंत, "शालिनी माझ्याबरोबर रोह्याला येतेय, रूथकडं राहील. हे तिनं ठरवलंय, मी नाय. पोलिसात जायचं म्हणाली तर मी सोबत जाईन, तेही तिला सांगितलंय. तू तिची बॅग उचल. तेवढं तरी कर."

पेण स्टेशनवर गाडीला उशीर होता. शालिनी लांबच्या बाकावर बसली, मांडीवर बॅग, माझ्याकडे पाठ करून. आपण दोघं फलाटाच्या टोकाला उभे होतो. मी शिफ्टचं कारण सांगितलं, रात्रपाळीचा शीण, डोकं भणभणतं वगैरे. तुम्ही म्हणालात, "शिफ्ट मी बी केली. गाडी कधी बायकोवर घातली नाय." मग विचारलंत, "किती वेळा?"

मी म्हणालो, "पहिल्यांदाच झालं, दादा."

तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात. ती नजर मला सहन झाली नाही आणि मी तुमच्यावर उलटलो. म्हणालो, "आता सांगा सगळ्यांना. तुमचं काय जातंय? तुमची साक्ष ऐकून तर लोक रडतात."

ती साक्ष आपल्या मंडळीत लहान मुलांनाही पाठ होती. तुम्ही तरुणपणी बाप्तिस्मा घेतला, घर तुटलं, आणि आई वारली तेव्हा भावांनी तुम्हाला दारात उभं केलं नाही, आईचं तोंडही पाहू दिलं नाही. विश्वासासाठी माणसाला काय सोसावं लागतं ते सांगायचं झालं की कुणीतरी म्हणायचं, शांतवनदादा, तुमची साक्ष सांगा.

तुम्ही रुळांकडे बघत म्हणालात, "ती खोटी हाय."

मला वाटलं, तुम्ही मला गप्प करायला काहीतरी बोलताय.

"काशिनाथ आला होता. सायकल मारत पेणच्या डेपोत. गेटपाशी उभा राहिला नि म्हणाला, आई गेली, चल. मी म्हणालो, ड्युटी हाय. ड्युटी बदलून मिळाली असती. मी मागितलीच नाय. वाटलं, तिथं गेलो तर विधी करायला लावतील, मग मंडळीत कोण काय म्हणेल. नवीन नवीन होतो, ऐट होती. गाडी घेऊन निघालो. गडबच्या स्टॉपला दोघंजण उतरले, अविनाश. माझ्याच आईला पोहोचवायला आले होते. मला ओळखलं नाय त्यांनी. कंडक्टरनं बेल मारली नि मी गिअर टाकला."

थोड्या वेळाने म्हणालात, "मग इथं कुणीतरी विचारलं, भावांनी येऊ दिलं नसेल ना? मी म्हणालो, व्हय. तेवढंच बोललो होतो पहिल्यांदा. बाकीचं पुढं पुढं वाढत गेलं."

गाडी आली. चढताना तुम्ही मागे वळून म्हणालात, "उद्या मी प्रभुभोजन घेत नाय. तू पण घेऊ नको. आपण कुणी मोकळे नाय."

दुसऱ्या दिवशी तबक माझ्यापाशी आलं आणि मी ते पुढे दिलं. तुमच्यापाशी आलं, तुम्ही पुढे दिलंत. आपल्या मंडळीत एवढं पुरतं. उपासना संपायच्या आत प्रमोदभाऊंनी शेजाऱ्याला सांगितलंही होतं, "या दोघांचं कशावरून तरी वाजलंय." प्रमोदभाऊ आज समोरच बसले असतील. भाऊ, वाजलं नव्हतं. उलट होतं.

हार्मोनियमवर मी त्या दिवसापासून बसलो नाही. तुम्ही मला तेवढंच सांगितलं होतं, "ते आता तुला शोभत नाय, आणि का ते पाळकांना तूच सांग." मी पाळकांना सांगितलं की कंपनीतल्या कामाने बोटं आखडली. म्हणजे एक झाकायला दुसरं. ते इतकं पक्कं बसलं की इतक्या वर्षांत कितीजणांनी मला तेलं सुचवली, कितींनी माझ्या बोटांवर हात ठेवून प्रार्थना केली. त्या सगळ्यांची मी आज माफी मागतो. माझ्या बोटांना काहीही झालेलं नाही.

तुम्ही मात्र थांबला नाहीत. पुढच्याच आठवड्यात म्हणालात, "गडबला जायचंय, तू चल. एकटा गेलो तर मी बस वळवून परत येईन." आपण हायवेवर उतरलो. दुतर्फा भातशेती पोटरीला आलेली. तुम्ही शेताच्या बांधावरून घराकडे चालत होतात आणि मध्येच थांबत होतात, कधी चपलेत खडा गेला म्हणून, कधी पाणी प्यायचं म्हणून. काशिनाथनाना ओट्यावर बसले होते. ते तुमच्याकडे बघत राहिले, मग आत हाक मारून म्हणाले, "पाणी आणा गो, ड्युटी संपली वाटतं याची."

तुम्ही तिथेच ओट्याच्या खाली, मातीत बसलात. तुम्हाला रडताना मी तेव्हाच पाहिलं. नाना म्हणाले, "वर बस. कपडे मळतात." जेवताना त्यांनी आईचं एकच सांगितलं, की शेवटच्या दिवसांत एस.टी.चा हॉर्न ऐकू आला की ती विचारायची, आपल्या धाकट्याची गाडी का.

नाना, तुम्ही त्या दिवशी मला विचारलं होतं, मी कशाला आलोय म्हणून. मी म्हणालो होतो, सोबतीला. ते खरं होतं. पण मी शिकायलाही आलो होतो, आणि शिकलो ते अर्धंच.

कारण पुढच्या रविवारी तुम्ही उठून उभे राहिलात, दादा, आणि भरल्या मंडळीत सांगितलंत की ती साक्ष खोटी आहे, भाऊ बोलवायला आला होता, मी गेलो नाही. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी तुम्ही एक, त्या पंचपदाचा राजीनामा तिथेच दिलात. प्रमोदभाऊ उठले आणि म्हणाले, "आम्ही पोरांना तुमचं उदाहरण देत आलो. आता पोरांना काय सांगायचं?" तुम्ही म्हणालात, "हेच सांगा. म्हातारपणी का होईना, खरं बोलला." कुणी हसलं नाही. पण रूथवहिनी तुमच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनाही ते आदल्या दिवशीच कळलं होतं.

मी त्या दिवशी जागेवरच बसून होतो.

शालिनी तुमच्या घरी भाताची कापणी होईपर्यंत राहिली. मी रोज रोह्याला कामाला यायचो आणि तुमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबून परत जायचो. तुम्ही एकदा दारातूनच सांगितलंत, "तिला वाटेल तेव्हा. तुला वाटेल तेव्हा नाय." ती परत आली ती स्वतःहून, आणि एक अट घेऊन. अट माझ्यासाठी नव्हती, तुमच्यासाठी होती. तिने तुम्हाला सांगितलं, "दादा, तुम्ही दर महिन्याला यायचं. यांच्या घरची पाळी असो नसो. आणि जेवण झालं की ताट उचलून आत यायचं."

तुम्ही आलात. पावसात आलात, गुडघे दुखत असताना आलात. रिटायर झाल्यावर पासावर आलात आणि कंडक्टरशी भांडून आलात. मला "मोकळा का" हे तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाही. जेवायचात, ताट उचलायचात, आत जायचात. नळाचा आवाज यायचा, आणि मग तुम्ही दोघं काय बोलायचात ते मला कळायचं नाही. सुरुवातीला मी ताठ बसून असायचो, परीक्षेच्या निकालाला बसावं तसा. नंतर नंतर आतून तिच्या हसण्याचा आवाज यायला लागला. तिला सासू-सासरे नव्हते, माहेर लांब. तुम्ही तिचं काय झालात ते मला सांगता येणार नाही, तिला येईल. माझं घर टिकलं ते माझ्या पश्चात्तापावर टिकलं, असं मला वाटायचं. आता कळतं, ते एका म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या येण्यावर टिकलं.

आपलं एक भांडण मात्र राहून गेलं. मी म्हणायचो, पाप देवापाशी कबूल केलं, तुमच्यापाशी केलं, शालिनीची माफी मागितली, आता तुम्ही यायची गरज काय? शालिनीच विचारेल मला. तुम्ही चिडायचात. "तिनं सोसायचं बी नि पहारा बी तिनंच करायचा?" मी म्हणायचो, मग मंडळीत सांगून टाकतो. तुम्ही म्हणायचात, "तुझी एकट्याची गोष्ट नाय ती. निम्मी तिची हाय. आधी तिला विचार."

दादा, मी तिला कधी विचारलंच नाही. "तिची हरकत असेल" हे मी माझ्या मनाशी ठरवून टाकलं आणि त्याच्या आडोशाला बसलो. तुम्हाला वाटत राहिलं असेल की ती नाही म्हणाली. तुम्ही तिचा मान ठेवून गप्प होतात, आणि मी तुमच्या त्या चांगुलपणावर जगलो.

मातीहून परत आल्यावर, दुसऱ्या दिवशी, मी तिला विचारलं. ती भाकरी थापत होती. म्हणालो, "स्मरणसभेत आपलं सांगू का?"

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "तुम्हाला हलकं वाटावं म्हणून?"

मी तिला त्या मुठीबद्दल सांगितलं, बरं वाटलं होतं तेही. म्हणालो, "हलकं वाटलं, म्हणूनच. मला त्याची भीती वाटते."

तिने पुढची भाकरी थापायला घेतली. मग म्हणाली, "लिहा. पण वाचायच्या आधी मला दाखवा."

काल दाखवलं. पिठाच्या हातानेच तिने कागद धरला, त्याच्या कोपऱ्यावर तिचं बोट उमटलंय. सगळं वाचलं, आणि स्टेशनच्या भागावर परत आली. "पहिल्यांदाच झालं असं दादांना सांगितलंत ते लिहिलंय. ते खोटं होतं, ते लिहिलेलं नाही."

तर लिहितो. दादा, ते खोटं होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून मी तिला मारत होतो. तुम्ही फलाटावर विचारलंत तेव्हाही मी मोकळा झालो नव्हतो, आणि तुम्ही तुमची सगळी गोष्ट माझ्यापुढे ठेवलीत तेव्हाही नाही. तुम्ही माझ्याकडे असे का पाहत राहिलात ते मला आता कळतं. तुम्हाला माहीत होतं. आतून येतानाच माहीत होतं. माझ्या तोंडून यायची तुम्ही शेवटपर्यंत वाट पाहिलीत.

कागद परत देताना ती म्हणाली, "आणि हेही लिहा की त्या शनिवारनंतर कधी नाही. तेही खरं आहे." मग म्हणाली, "ते दादांचं आहे. त्यांना ऐकू दे."

ऐका, दादा. त्या शनिवारनंतर कधी नाही.

पाळकसाहेब मला नवीन जोडीदार देणार होते. शांत, समजूतदार अशा एकाचं नाव त्यांनी काढलंही होतं. मी म्हणालो, मला प्रमोदभाऊ द्या. त्यांना नवल वाटलं, कारण प्रमोदभाऊंशी कुणाचं फारसं जमत नाही. पण प्रमोदभाऊ, तुमचा तो प्रश्न मी विसरलेलो नाही. त्या रविवारी तुम्ही चुकीच्या माणसाला तो विचारलात, एवढंच. असं तोंडावर विचारणारा माणूस मला हवा आहे.

येत्या शनिवारी तुम्ही आमच्याकडे जेवायला या. शालिनी भाकरी करणार आहे. जेवण झालं की ताट उचला आणि आत जा. मी राहू द्या म्हणणार नाही.